गोधडीआडची सायकल

वाटूर,
ता. २४ नोव्हेंबर १९७४

ती. अप्पादादास,

बेबीनंदाचा सविनय जयभीम. वि. वि. इकडे आम्ही दोघी ठीक आहोत, म्हणजे आई ठीक आहे आणि मी आईच्या ताब्यात आहे. तुझी आणि वहिनीची खुशाली कळवत जावी.

शुक्रवारी जालन्याला जाऊन पायाचं प्लास्टर कापून आले. मला वाटलं होतं, ते ओझं निघालं की उठायचं आणि चालायला लागायचं. आतून निघालेला पाय पाहिला आणि मी हबकलेच. दादा, तो माझा पायच नव्हे. पोटरी मनगटाएवढी, कातडी सुरकुतलेली आणि गुडघा मुसळासारखा सरळ. भादव्यात वस्तीच्या ओढ्यात दगडावर आपटून गुडघ्याची वाटी फुटली तेव्हा मी रडले नव्हते. परवा डॉक्टरांसमोर मात्र रडले. ते म्हणाले की हाड बरोबर जुळलंय, पण दोन महिने बांधून ठेवलेला गुडघा आखडून बसलाय. या हिवाळ्यात वाकला तर वाकला, नाहीतर जन्मभर असाच राहणार.

त्यात शाळा. माझी रजा फेब्रुवारीअखेर संपते. सोमवारी ३ मार्चला आमचे साहेब वस्तीवरच्या शाळेत येणार आहेत. साडेदहाच्या ठोक्याला मी कुणाच्या आधाराशिवाय तिथं हजर पाहिजे, नसले तर शारीरिकदृष्ट्या अपात्र असा शेरा मारून जागा दुसऱ्याला देणार, असं लेखी आलंय. वाटूरपासून वस्ती दीड कोस, सगळी गाडीवाट, तिथं एसटी जात नाही. रोज बैलगाडी कोण देणार? आबा गेले तेव्हा मी सातवीत होते. आईनं खुरपणीला जाऊन मला मास्तरीण केलं, हे तुला मी सांगायला नको. ती खुर्ची अशी एका दगडापायी जाऊ द्यायची का, तूच सांग.

आता पुढचं वाचण्याआधी खाली बस. डॉक्टरांनी औषध काय दिलं असेल? सायकल! घरातच स्टँडवर उभी करायची, मागचं चाक अधांतरी ठेवायचं आणि रोज सकाळ-संध्याकाळ बसून पायडल मारायचं. चालताना सगळा भार गुडघ्यावर येतो, तसा सायकलवर येत नाही, आणि वाकवणं आपोआप होतं, असं ते म्हणाले. मला वाटलं थट्टा करताहेत. आईनं तर त्यांना तोंडावरच विचारलं की डाक्टरसाहेब, गोळी-बिळी काही न्हाई का, ही बाईमाणूस हाय. ते हसले, मला मात्र हसू आलं नाही.

तर दादा, तुझी सायकल हिवाळ्यापुरती देशील का? तुला स्टेशनवर पायी जावं लागेल, हे कळतं. पण दुसऱ्या कुणाकडे मागायची हिंमत नाही. लोभ आहे तो असाच राहू दे.

तुझी,
बेबी


परतूर,
ता. २९ नोव्हेंबर

चि. बेबीस अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

वि. वि. तुझं पत्र स्टेशनातच वाचलं आणि सिग्नलच्या खांबाला टेकून तिथंच बसलो. पायाचं दोनदा वाचलं आणि सायकलचं वाचून डोकं चाललं नाही. आमचे गार्ड शिवाजीराव म्हणाले की पॉइंट्समन, कुणी गेलं-बिलं का घरात? मी म्हटलं की न्हाई, बहीण घरात सायकल चालवणार हाय. ते हिरवा झेंडा घेऊन निघून गेले.

माणूस सायकलवर बसतो ते कुठंतरी जायला. बसून पाय मारायचे आणि खाटेशेजारीच राहायचं, असलं प्रवासाचं वाहन मी रेल्वेत राहूनही पाहिलं नाही. पण डॉक्टर म्हणतात तर तसंच करायचं. तू लहानपणी माझ्या मागं लागून भाड्याच्या सायकलवर कैची शिकली होतीस, दांडीखालून पाय घालून. आईनं दोघांना बडवलं होतं आणि तू न्हाती-धुती झाल्यावर पुन्हा सायकलला हात लावला नाहीस. म्हणजे सायकल तुला अगदीच परकी नाही.

सायकल उद्याच्या एसटीच्या टपावर टाकतोय. वाटूर फाट्यावर गाडीवाल्या संपतला उतरवून घ्यायला सांग. स्टँडखाली दोन विटा लाव, नाहीतर डुगडुगेल. सीट मी खाली करून ठेवलंय. पहिल्या दिवशी शंभर फेऱ्यांच्या वर जाऊ नकोस, जल्दी करून पाय परत बिघडवशील. माझी काळजी करू नकोस, घर ते स्टेशन चालून माझं पोट तरी कमी होईल, असं तुझी वहिनी म्हणते. आईला नमस्कार. तिला म्हणावं, हे दवाखान्याचं यंत्र समज, सायकल समजू नकोस. माया असू दे.

तुझा,
अप्पाराव


वाटूर,
ता. २२ डिसेंबर

ती. दादास सविनय जयभीम. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नये. थंडी अशी पडलीय की सकाळी दौतीत बोट घातलं तरी कळ येते. अंथरुणातून उठायचं नाव नको वाटतं. त्यात पाय टाकायचा त्या गार पायडलवर!

पहिल्या दिवशीचं सांगते. पाटावर पाट ठेवून आईनं मला सीटवर चढवलं. उजवा पाय गोल फिरला आणि डावा वर येताना गुडघ्यात अशी कळ गेली की मी किंचाळलेच. अर्धा फेरासुद्धा पुरा झाला नाही. पायडल पुढं-मागं, पुढं-मागं, पाळण्यासारखं हलवत बसले. पहिला पुरा फेरा दहाव्या दिवशी झाला. त्या दिवशी मी आईच्या गळ्यात पडले आणि ती मात्र इकडं-तिकडं बघून राह्यली, कुणी पाहिलं तर न्हाई ना.

तिनं खोलीच्या दाराला जाड गोधडी टांगलीय. खिडकीला पोतं. बाहेरून काही दिसत नाही, पण चाकाचा घुंईघुंई आवाज सगळ्या गल्लीत जातो. चार दिवसांपूर्वी शेजारच्या आसराबाई सुपात गहू घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या की मास्तरीणबाईनं शेवयांचं मशीन आणलंय म्हणं, आमचं बी पायलीभर काढून द्या. आईनं काय सांगावं? मशीन अजून बराबर बसलं न्हाई, असं ठोकून दिलं. मी गोधडीआड तोंडात पदर कोंबून हसत होते.

आता दीडशे फेरे होतात. कंटाळा फार येतो, दादा. भिंतीकडे तोंड करून पाय मारायचे, भिंत तिथंच, मीही तिथंच. म्हणून मी पाढे म्हणते. एकोणतीसचा पाढा दोनदा म्हटला की पन्नास फेरे. पाढ्यांना कंटाळले की मनानं तुझ्याकडे निघते. फाटा सोडला, कापसाच्या गाड्या मागं टाकल्या, चिंचेखाली पाणी प्याले. अजून चिंचेच्या पुढं मात्र कधी गेले नाही. वहिनीला सांगावं, भाकरी टाकायला घाई नको. लोभ ठेवावा.

तुझी,
बेबी


परतूर,
ता. ६ जानेवारी १९७५

चि. बेबीस आशीर्वाद.

वि. वि. संपत परवा कापूस घेऊन जिनिंगवर आला होता. त्यानं तुझं जे सांगितलं ते ऐकून मला जेवण गेलं नाही. तू काठी घेऊन फाट्यापर्यंतसुद्धा जाऊ शकली नाहीस, मध्येच शेताच्या धुऱ्यावर बसलीस आणि त्यानं तुला गाडीत घालून घरी आणलं, म्हणाला. पत्रात तू यातलं काहीच लिहिलं नव्हतंस. शेवयांचं मशीन तेवढं लिहिलंस.

मी मोठा भाऊ आहे म्हणून बोलतो. महिना झाला. दोन महिने राहिले. फाट्यापर्यंत जाता येत नाही तिथं दीड कोस कशी जाणार? साहेबानं सगळ्यांपुढं अपात्र म्हणण्यापेक्षा आपणच अर्ज लिहून मोकळं व्हावं. इकडे ये, आईला घेऊन ये. माझं क्वार्टर लहान आहे, पण तुझी वहिनी हौसेनं करील. इथं पोरांच्या शिकवण्या घे. सायकलवर बसून पायाला त्रास देऊन उपयोग काय? मला तुझे हाल बघवत नाहीत, म्हणून लिहिलं. राग मानू नये.

तुझा,
अप्पाराव


वाटूर,
ता. २६ जानेवारी

ती. अप्पादादास जयभीम.

वि. वि. राग मानू नये असं लिहिलंस, पण मी मानला. चांगला आठ दिवस मानला. तुझं पत्र आलं आणि मी सायकलला हात लावायचं सोडून दिलं. तू असं लिहिशील हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आई म्हणेल, शेजारी म्हणतील, पण दादा? तोंडात मारल्यासारखं झालं. मी अर्ज लिहायला कागदही काढला होता.

आईला काही सांगितलं नव्हतं. पण घरातला आवाज बंद झालेला तिला कळणारच. चौथ्या दिवशी ती चुलीपुढून उठली, गोधडी बाजूला केली आणि लुगड्याचा काचा मारून स्वतःच त्या पाटांवर चढायला लागली. मी घाबरून ओरडले की माय, पडशील! ती म्हणाली की पडू दे. तू पोरांना शिकवणार न्हाई तं मी काय तोंडानं खुरपायला जाऊ? तू बसती का मी बसू? दादा, पंचावन्न वर्षांची आपली आई, एक टांग हवेत, आणि डोळ्यांत पाणी. मी तिला खाली उतरवलं खरं, पण हट्टानं आणखी चार दिवस बसले नाही. नवव्या दिवशी पहाटे आपली आपणच उठले.

तेव्हापासून ती समोर बसते, मांडीवर ज्वारीची वाटी घेऊन. शंभर फेरे झाले की एक दाणा दुसऱ्या वाटीत टाकते. मी तिसाव्या दाण्यावर थांबले की म्हणते की बिलकुल न्हाई, अजून एक. काल चाळीस दाणे झाले. गुडघा आता पायडल वर आलं तरी कुरकुरत नाही. चालणं अजून वाईटच आहे. गल्लीच्या टोकापर्यंत गेलं की पाय भरून येतो, सुजतो. हे मी लपवलं, ती माझी चूक. पण अर्ज मी लिहिणार नाही. ३ मार्चला जे व्हायचं ते साहेबांपुढं होईल.

तुला बरं लिहावं म्हणून बसले होते आणि रागच लिहिला गेला. वहिनीला जयभीम. माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर वाढवावा.

तुझी,
बेबी

ता. क. चेन फार करकरते. आईनं गोडंतेल घातलंय. चालेल का?


परतूर,
ता. १५ फेब्रुवारी

चि. बेबीस आणि ती. आईस.

मी जिवंत आहे. हे आधी लिहितो आणि मग बाकीचं. हे आंतर्देशीय आहे, याचे चारी कोपरे शाबूत आहेत, आईला हातात देऊन मोजायला सांग.

बुधवारचा प्रकार अजून डोक्यातून गेलेला नाही. तुम्ही दोघी गुरुवारी सायकल एसटीच्या टपावर टाकून परत गेलात, पण त्या रडारडीत नीट बोलणं झालंच नाही. माझ्याकडून काय घडलं ते सांगतो. रात्रपाळी करून मी झोपलो होतो. बाहेर एकदम आकांत ऐकू आला. तुझ्या वहिनीचा आवाज ओळखला, ती मामी गेल्या, मामी गेल्या म्हणून ऊर बडवत होती. मला वाटलं, आई गेली! तसाच बनियनवर बाहेर आलो, तर अंगणात माझी सायकल आडवी, मागचं चाक अजून फिरतंय आणि तू धुळीनं पांढरी होऊन वहिनीच्या गळ्यात पडून दादा, दादा करून रडतेस. मी दारातून विचारलं की माय कशानं गेली? तू मान वर केलीस, मला पाहिलंस आणि खाली बसलीस. बेबी, माझ्याकडे असं आजवर कुणी पाहिलं नाही. मी खरंच मेलोय की काय, असं मलाच क्षणभर वाटलं.

वहिनीची काय चूक? तू रडत दारात आलीस, तोंडातून शब्द नाही, तिला वाटलं आईचीच बातमी घेऊन आली. दोघी दोन माणसांसाठी रडत होतात आणि दोन्ही माणसं जिती.

आता गुन्हा कबूल करतो. तुझ्या ता. क.ला उत्तर म्हणून सोमवारी कार्ड लिहिलं होतं, खिशात होतं. मालगाडी उभी होती. गार्डाला एका डब्याचा नंबर लिहून हवा होता आणि जवळ चिठोरं नव्हतं. मी कार्डाचा कोरा कोपरा टरकन फाडून त्यावर नंबर लिहून दिला. मग ध्यानात आलं की हे तर मरणाचं कार्ड झालं. फाटक्या कोपऱ्याचं कार्ड म्हणजे घरात माणूस गेलं, हे कुणाला माहीत नाही? दुसरं कार्ड घ्यावं असं मनात आलंही. पण मग म्हटलं, आबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हा देव-देव्हारा, अंगारे, उतारे सगळं ओढ्यात सोडलं. आपण सुधारलेली माणसं, आपल्याला कोपऱ्याचं काय? आणि तसंच पेटीत टाकलं. स्वतःला शहाणा समजून टाकलं.

त्यात काय लिहिलं होतं माहीत आहे? चेनला गोडंतेल घालू नये, मशीनचं तेल पाठवतो. एवढंच. संध्याकाळच्या एसटीनं आई उतरली, माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं आणि मग भर रस्त्यात कानाखाली वाजवली. ती मला पोचली. अजून चार दिल्या असत्या तरी मी गाल पुढं केला असता. तुझा पाय कसा आहे ते जल्दी कळव. मी भीत भीत पत्राची वाट पाहतोय.

तुमचा,
अप्पाराव


वाटूर,
ता. १९ फेब्रुवारी

ती. दादास सविनय जयभीम.

वि. वि. पत्र मिळालं. आईनं चारी कोपरे मोजले आणि मगच मला वाचू दिलं.

इकडे काय झालं ते तुलाही नीट माहीत नाही. मी गोधडीआड सायकलवर होते, बावीस दाणे झाले होते. टपालवाले तातेराव सगळ्या गावाची कार्डं वाचून दाखवतात, त्या दिवशी मात्र त्यांनी कार्ड उंबऱ्यावर ठेवलं आणि वर न बघता निघून गेले. मरणाचं कार्ड आपल्या तोंडानं कोण वाचील? आईला अक्षर येत नाही, कोपरा मात्र येतो. ते परतूरचंच कार्ड, दुसरं कुठलं कार्ड आपल्या घरी येतं? मला तिची किंकाळी ऐकू आली. मी पाटांवरून कशीबशी उतरून बाहेर येईपर्यंत तिनं कार्डाचे तुकडे करून चुलीत टाकले होते. असलं कार्ड घरात ठेवत नाहीत ना! मी हात घातला चुलीत, पण नुसती राख.

दादा, मी तुझ्यापेक्षा शहाणी. वस्तीवरच्या बायांना मी दर महिन्याला सांगते की असलं काही मानू नका. त्या घटकेला माझ्या मनात एकदाही आलं नाही की कोपरा उगीचही फाटला असेल. माझा भाऊ गेला, एवढंच डोक्यात. अकरा वाजले होते. सकाळची एसटी गेलेली, पुढची पाचला. तोवर तुला नेलं असतं. मी भिंतीला धरून उभी होते, आणि आई गोधडीआड गेली. तिनं विटा लाथेनं उडवल्या, सायकल स्टँडवरून काढली, दारावरची गोधडी हिसडून टाकली आणि भर दुपारी, सगळी गल्ली जमलेली असताना, ती सायकल ढकलत रस्त्यावर आणली. मला म्हणाली की जा. त्याचं तोंड पाहून घे, मी एस्टीनं येती.

पुढचं सगळं आठवत नाही. फाट्यापर्यंत तीनदा पडले. कोपर फुटलं. लुगडं दांडीवर गुंतत होतं, ते खोचलं ते गुडघ्यापर्यंत, लाज कुठं गेली कोण जाणे. एकदा तोल सापडला आणि मग मला कळलं की मला थांबता येत नाही. उतरायचं कसं तेच माहीत नव्हतं! म्हणून थांबलेच नाही. बाराही मैल पाय आपोआप फिरत होते. गाडीवाले गाड्या बाजूला घेऊन बघत होते. चिंच कधी गेली कळलंही नाही. तुझ्या अंगणात शिरले तेव्हा भिंतीवर आपटूनच थांबले.

आणि तू दारात उभा. तुला सांगू का, तुला जिवंत पाहून पहिल्यांदा आनंद नाही झाला. भीतीच वाटली. आनंद गुरुवारी एसटीत झाला, आणि तेव्हा मी इतकी रडले की कंडक्टरनं तिकिटाचे पैसे नंतर मागितले.

आता वाईट बातमी. गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय. अंगणात उतरवत नाही. डॉक्टरांनी रस्त्यावर नेऊ नका म्हणून बजावलं होतं, हे तुला मी कधी लिहिलं नव्हतं. गेल्या तीन महिन्यांची कमाई एका दिवसात गेली की काय, या विचारानं झोप लागत नाही. १२ दिवस राहिलेत. आई मिठाच्या पाण्यानं शेकते. आम्हा दोघींवर माया असू दे.

तुझी,
बेबी


परतूर,
ता. २३ फेब्रुवारी

चि. बेबीस आशीर्वाद.

वि. वि. पत्र वाचून पायाखालची जमीन सरकली. माझ्या एका कोपऱ्यापायी तुझा पाय आणि तुझी शाळा! मी साहेबांना भेटून आलो. पाया पडायचं बाकी ठेवलं. तारीख पुढं ढकला म्हटलं. ते म्हणाले की नियम नियम आहे, तीन तारखेला साडेदहाला. आता तू काय करशील ते मला सुचत नाही. तू जे ठरवशील त्याला माझी हरकत नाही, आणि जानेवारीत जे लिहिलं ते मी परत घेतो. मला तीन तारखेला ड्युटी आहे, नाहीतर तुला खांद्यावर घेऊन आलो असतो. ते चालत नाही, हेही कळतं. सोबत मशीनच्या तेलाची कुपी संपतच्या हाती पाठवतोय. काय झालं ते लगेच कळव, कार्डावर नको.

तुझा,
अप्पाराव


वाटूर,
ता. ४ मार्च १९७५

ती. अप्पादादास आणि सौ. वहिनीस सविनय जयभीम.

वि. वि. काल जे झालं ते सगळं क्रमानं सांगते, मध्येच शेवट वाचू नकोस.

सूज शुक्रवारी उतरली. शनिवारी चालून पाहिलं. गल्लीच्या टोकालाच पाय भरून आला, पहिल्यासारखाच. म्हणजे दीड कोस चालणं नाहीच. संध्याकाळी भीत भीत सायकलवर बसले. चाळीस दाणे गेले, आणि गुडघा चकार शब्द बोलला नाही! डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की सायकलवर भार येत नाही, पण ते मला कालपरवा खरं कळलं. आईला म्हटलं की मी सायकलवर जाते. वस्तीची वाट कशी आहे ते तिला ठाऊक. दोन्ही बाजूंना बाभळी, वाटेवर काट्यांचा नुसता सडा. बैलांना चालतं, ट्यूबला कसं चालावं? पंक्चर झालं की तिथंच संपलं, चालत जाणं माझ्या हाती नाही.

काल सकाळी उठले तर आई घरात नाही. चूल थंड. मी घाबरले. शेजारी विचारलं तर आसराबाई म्हणाल्या की पहाटीच गेली, खराटा घेऊन. मला काहीच अर्थ लागेना. नऊ वाजले तसं सायकल बाहेर काढली आणि निघाले. सगळी गल्ली बघत होती, शेवयांच्या मशीनवर बसून मी चालले होते.

गाडीवाटेला लागले आणि माझ्या अंगावर काटा आला. वाट झाडलेली, दादा. एका चाकोरीतून सबंध झाडलेली, अंगणासारखी. दर दहा-वीस पावलांवर कडेला बाभळीच्या काट्यांचा लहानसा ढीग. मला वाटलं ओढ्यापर्यंत असेल. ओढ्यापलीकडेही तसंच. मी रडत होते आणि पाय मारत होते, डोळे पुसायला हात सोडता येत नव्हता. दीड कोस! शाळेपाशी पोचले तेव्हा आई पायरीवर बसली होती, खराट्याचा नुसता बुडखा हातात. तिनं पुढं येऊन हँडल धरलं, म्हणून मी न पडता उतरले. सव्वादहा झाले होते.

साहेब आले. त्यांनी मला व्हरांड्यात चालायला लावलं. मी लंगडले. त्यांनी कागद काढला आणि म्हणाले की बाई, तुम्ही दीड कोस रोज चालू शकणार नाही, हे दिसतंच आहे. मी म्हटलं की चालत नाही साहेब, सायकलवर आले. त्यांनी बाहेर पाहिलं, त्यांचा विश्वास बसला नाही. कुणीतरी आणून उभी केली असेल, असं म्हणाले. तेव्हा आई पायरीवरूनच म्हणाली की साहेब, दीड कोसाचं काय घेऊन बसलात, ही पोरगी भावाच्या मरणाला बारा मैल सायकलवर गेल्ती. साहेबांनी टोपी काढली. म्हणाले की वाईट झालं, कधी वारले? आई म्हणाली की न्हाई वारला, परतूरला ठेसनात हाय, त्यानंच तं कार्ड टाकलं व्हतं.

साहेबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. पाऊण तास लागला. मग त्यांनी मला मैदानाला दोन फेरे मारायला लावले, मुलं टाळ्या वाजवत मागं पळत होती. शेरा लिहिला तो मी तीनदा वाचला: पात्र. खाली सही, तारीख. आजपासून मी वर्गावर आहे.

गोधडी काल रात्री आईनं खाली काढली, धुतली आणि आज अंगणात वाळत घातलीय. सायकल दारातच उभी असते. दादा, ती मी तुला परत देणार नाही, हे स्पष्ट लिहिते. तू चालत जा, वहिनी म्हणते तसं पोट कमी होईल.

आत्ता आईचे तळहात मांडीवर घेऊन सुईनं काटे काढत होते. सात निघाले. आठवा खोल गेलाय, तो ती काढू देत नाही, उद्या पुन्हा झाडायला जायचंय म्हणते. तूच येऊन तिला समजाव, माझं ती ऐकत नाही. येताना आमच्यासाठी तुझा लोभ तेवढा आणावा.

तुझी,
बेबीनंदा